चिंचखारच्या रंभाचा प्रश्न

१

रंभाचा प्रश्न गायब झाला, हे सगळ्यात आधी कळलं ते मस्कतला.

तिथल्या एका कंपनीत फिटर असलेला सखा घरत जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आपल्या मुलखाचं पान उघडून वाचत असे. त्या बुधवारी त्याने ते दोनदा वाचलं आणि तडक पेणला प्रविण कडूच्या एस.टी.डी. बूथवर फोन लावला. रंभाकाकीने आपला प्रश्न मागे का घेतला, असं तो विचारत होता. प्रविणला वाटलं लाइन खराब आहे, आपण काहीतरी भलतंच ऐकतोय. मग सखाने पानावर जे होतं ते वाचून दाखवलं.

प्रविणने फोन ठेवून मोडेम लावला. मोडेमची किरकिर संपून पान एकेक ओळ करत उतरायला बराच वेळ लागे. पहिला प्रश्न दिसायला हवा होता तिथे एवढंच होतं:

‘मी, सौ. रंभा काळुराम घरत, राहणार चिंचखार, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय कळिवते की, बांधाबाबतचा माझा प्रश्न मी मागे घेतला आहे. सदर प्रश्नाबाबत यापुढे माझ्यासिहत घरातील कोणाकडेही चौकशी करू नये.’

प्रविणने हे लिहिलं नव्हतं. त्याची धाकटी बहीण अनिता बूथवर टायपिंगचं काम करायची. तिनेही लिहिलं नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एस.टी. स्टँडवरच्या फळ्यावर त्या आठवड्याचा छापील कागद सकाळीच चिकटवून झाला होता आणि गावोगावच्या प्रती सकाळच्या गाड्यांनी गेल्या होत्या. छापताना कोणी जुने प्रश्न पुन्हा वाचले नव्हते.

१९९९ साल होतं ते. निवडणुका आणि गणपती पाठोपाठ आले होते. पेणच्या रस्त्यांवर प्रचाराच्या जीपगाड्या आणि मूर्तींचे टेम्पो एकमेकांना वाट देत नव्हते. लाउडस्पीकरवरून उमेदवार बोलायचे, लोक ऐकायचे, पण लोकांनी विचारायचं कुठे, याला काही जागा नव्हती. प्रविणने ती केली. मतदारांनी प्रश्न विचारायचे, उमेदवारांनी लेखी उत्तरं द्यायची आणि दोन्ही इंटरनेटवर ठेवायची, म्हणजे मागाहून कोणाला ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणता येणार नाही. नाव ठेवलं ‘मतदारांचं पान’. सुरुवातीला लोक हसले. अख्ख्या तालुक्यात कॉम्प्युटर किती, आणि पान वाचणार कोण?

वाचलं ते बाहेर गेलेल्या पोरांनी. मुंबईला, पुण्याला, आखातात ऑफिसांमधून ती पान वाचत आणि घरी फोन करून आईबापांना सांगत. छापील प्रती हमरापूरला, जोह्याला जात. कारखान्यांत मूर्ती रंगवता रंगवता एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा रिवाज पडला. मग उमेदवारांनाही उत्तरं द्यावीशी वाटू लागली. येत्या रविवारी एका मंगल कार्यालयात सगळ्यांनी एकत्र येऊन लोकांसमोर बोलायचं कबूल केलं होतं, आणि पहिला प्रश्न असणार होता रंभाचा.

तिचा प्रश्न साधा होता. चिंचखारच्या बांधाला खांड गेली, बांध मध्येच फुटला, त्याला तिसरा पावसाळा. भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जळतं. बांध दुरुस्त झाला असं भाषणात सांगतात. तो कोणी पाहिला? तुमच्यातला कोण तिथे येऊन उभा राहील?

आता तो प्रश्नच नव्हता.

२

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने सिपोरा अष्टमकर रोह्याहून पेणला आल्या. प्रविणने त्यांना बोलावून घेतलं होतं.

सिपोराबाईंचा रोह्यात स्टेशनपासून जवळ टायपिंगचा क्लास होता. आता वय साठीच्या पुढे गेलं होतं. रोहा-अष्टमीतली त्यांची बेने इस्राएल समाजाची माणसं एकेक करून इस्राएलला गेली होती, मुलगा नथानियलही. जाताना त्याने आईला एक कॉम्प्युटर घेऊन दिला आणि पत्राऐवजी ई-मेल लिहायला शिकवलं. प्रविण त्यांचा जुना विद्यार्थी. नवे प्रश्न तो आधी त्यांच्याकडे शुद्धलेखन तपासायला पाठवी. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पानावर एक ओळ चढत नसे, आणि ही चढली होती.

गावात एव्हाना बोभाटा झाला होता. रंभाला साहेबांनी गप्प केलं, तिला काहीतरी मिळालं असणार, असं चिंचखारची माणसं उघड बोलत होती. साहेब म्हणजे प्रचाराच्या भाषणात ‘बांध झाला’ म्हणून सांगणारे उमेदवार. काही जण प्रविणकडेही बोट दाखवत होते, कारण साहेबांची पत्रकं त्याच्याच बूथवर टाइप होत. जे पान असं रातोरात फिरतं, त्यावर विश्वास काय ठेवायचा, असं स्टँडवर एक म्हातारा त्याच्या तोंडावर म्हणाला होता. प्रविणला ते फार लागलं होतं.

सिपोराबाईंनी चहा नाकारला आणि मजकूर वाचला. नंतर त्यांनी विचारलं, हे बाहेरून कोणी टाइप करून चढवू शकतो का?

प्रविण म्हणाला, नाही. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक लॉक लावावं लागतं. या अक्षरांचं लॉक पेणमध्ये फक्त त्याच्याकडे आहे.

“म्हणजे इथेच, याच खुर्चीत बसून टाइप झालं,” सिपोराबाई म्हणाल्या. “आणि वर चढवलं कोणी?”

पासवर्ड फक्त त्याला ठाऊक होता. सिपोराबाईंनी त्याला रोजची पद्धत सांगायला लावली. सगळे प्रश्न एकाच फाइलमध्ये होते. रोज संध्याकाळी तो शेवटी नवा मजकूर जोडायचा आणि अख्खी फाइल वर पाठवायचा. सांगता सांगताच तो थांबला.

“तूच चढवलंस,” सिपोराबाई हळूच म्हणाल्या. “त्याने फाइल बदलून ठेवली, एवढंच. तू खाली जोडलंस आणि पाठवलंस. वर काय आहे ते बघितलं नाहीस.”

अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. सिपोराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या पुन्हा मजकुरावर वाकल्या. ‘कळिवते’ आणि ‘माझ्यासिहत’. दीर्घ वेलांट्या सगळ्या जागेवर होत्या. ऱ्हस्व तेवढ्या दोन ठिकाणी एकेक अक्षर आधी पडल्या होत्या.

टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात आणि अक्षर मागून. प्रविणच्या कॉम्प्युटरवर उलटं होतं, आधी अक्षर, मग वेलांटी. जो कॉम्प्युटरवरच शिकला तो अशी चूक करणार नाही. ही चूक टाइपरायटरवर बोटं बसलेल्या माणसाची होती. बाकीच्या त्याने दिसल्या तशा सुधारल्या असाव्यात. या दोन दिसायला बऱ्या दिसतात, म्हणून राहून गेल्या.

असा मराठी टायपिंग शिकलेला कोण येतो इथे, त्यांनी विचारलं. प्रविण बहिणीकडे न बघता म्हणाला, “निलेश. तुमच्याच क्लासचा. साहेबांचा प्रचार तोच बघतो.”

निलेशशी अनिताचं लग्न ठरलं होतं.

३

निलेशला गाठण्याआधी सिपोराबाई जोह्याला गेल्या. ज्या बाईच्या नावाने हे सगळं झालं तिला भेटल्याशिवाय पुढे जाणं त्यांना बरं वाटेना.

रंभा एका कारखान्यात पीतांबरांचे काठ रंगवायची. लांबलचक पडवीत मूर्तींच्या रांगा होत्या आणि बायका पाटावर बसून काम करत होत्या. रंभाच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे होते. सिपोराबाई त्यातल्या एकावर जाऊन बसल्या.

रंभा चाळिशीची, उंच बाई होती. तिचा हात चालूच राहिला. तिने सांगितलं, बुधवारी पान वाचायला घेतलं आणि तिचं नाव आलं तसं सगळं गप्प झालं. तिने तिथेच सांगितलं की हे माझं नव्हे. कोणी काही बोललं नाही. आज सकाळी शेजारणी उठून पलीकडे बसल्या.

“मना मागंच घ्यायचा आसता तर मी इचारलाच कशाला आसता, बाई?” ती म्हणाली. “माजा नाव लिवला, आन मनाच ठावं नाय.”

कोणावर संशय आहे का, यावर तिने नकारार्थी मान हलवली. निलेश आला होता एकदा, पण चांगलं बोलून गेला. घरचे काय म्हणतात, असं सिपोराबाईंनी विचारलं. रंभाचा चेहरा जरा सैल झाला. तिचा नवरा काळुराम तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा, लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचा. फार शांत माणूस. आता टाइपरायटरचे दिवस भरले म्हणून दुपारचा प्रविणच्या बूथवर बसून कॉम्प्युटर शिकतो, हे तिने थोड्या अभिमानाने सांगितलं. पण बुधवारपासून तो जेवलेला नाही. बायकोची अब्रू गेली म्हणून त्याने फार मनाला लावून घेतलंय.

“मागं मोर्च्यान् माजा हाड मोडला व्हता,” रंभाने गळ्याखाली बोट ठेवलं. “बांधासाठीच गेलो व्हतो आमी बाया. गर्दी पलाली, मी खाली आयले. तवा दोन्ही येलचा घास यानंच भरवला मना. आता तो जेवत नाय तर मी काय करू?”

परतीच्या एस.टी.त सिपोराबाई खिडकीशी बसल्या आणि एका शब्दाचा विचार करत राहिल्या. तो शब्द होता ‘घरातील’. घरच्यांनाही काही विचारू नका, असं बाहेरचा माणूस कशाला लिहील?

४

निलेश संध्याकाळी रोह्यात क्लासवर आला. तो कंपनीत शिफ्टला होता आणि उरलेल्या वेळात साहेबांसाठी धावपळ करायचा. पहिली शिफ्ट करून तो थेट आला होता, डोळे लाल झालेले. आपल्यावर काय आळ आहे हे त्याला अनिताने फोनवर सांगितलं होतं.

तो रागावला नाही. या आठवड्यात तो पेणला गेलाच नव्हता, पहिली शिफ्ट लागली होती आणि ओव्हरटाइमही. कंपनीत विचारा म्हणाला. पण सिपोराबाईंना शिफ्टपेक्षा त्याचं पुढचं बोलणं पटलं. त्याने मान खाली घालून कबूल केलं की येणारे प्रश्न अनिता त्याला आधी सांगत असे. ते चुकलंच. पण त्यामुळे साहेबांचं रंभाकाकीला द्यायचं उत्तर तयार होतं. प्रश्न राहिला असता तर साहेब रविवारी दोन वाक्यं बोलून मोकळे झाले असते. आता प्रश्न नाही, तर लोक म्हणतात साहेबांनी बाई विकत घेतली.

“आमचं या प्रकाराने वाटोळं झालंय बाई,” तो म्हणाला. “मी करीन का हे?”

सिपोराबाईंनाही तसंच वाटत होतं. साहेबांच्या माणसाने लिहिलं असतं तर बांध उत्तम झाला असं लिहिलं असतं, साहेबांचे आभार मानले असते. या मजकुरात साहेबांचं नाव नव्हतं, बांधाची तारीफ नव्हती. लिहिणाऱ्याला कोणाचा फायदा करायचा नव्हताच. एका बाईला गर्दीतून हाताला धरून बाजूला काढावं, तसं ते लिहिणं होतं. आणि ‘राजीखुशीने’, ‘सदर’, ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ ही भाषा प्रचाराच्या पत्रकात कधी नसते. ती कचेरीबाहेरच्या टेबलांवर असते.

त्यांनी निलेशला शेवटचं एकच विचारलं. काळुरामशी तुझं काही बोलणं झालं होतं का?

झालं होतं. सभेला गर्दी फार होणार, दोन्हीकडची पोरं तापलेली आहेत, काकींना जपा, असं तो काळुरामला सांगून आला होता. त्याला खरोखर काळजी वाटली होती, म्हणून.

निलेश गेल्यावर सिपोराबाईंनी दिवा लावला. क्लासमध्ये जुन्या टाइपरायटरांवर कापडं घातलेली होती. क्लास उघडला त्या वर्षी पेणहून रोज गाडीने येणारा एक अबोल तरुण मराठी टायपिंगला बसायचा. त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं, वेलांटी आधी, अक्षर मागून. रोज दुपारी बूथवर बसणाऱ्या त्या माणसाचं नाव प्रविणला आठवलंच नव्हतं. जो रोज दिसतो त्याच्याकडे कोणी बघत नाही.

५

शुक्रवारी सकाळी तहसील कचेरीबाहेरच्या ताडपत्रीखाली काळुराम आपल्या टेबलाशी बसला होता. एका म्हाताऱ्याचा वारसाचा अर्ज चालला होता. सिपोराबाई बाजूला उभ्या राहिल्या. अर्ज संपला, म्हातारा गेला, तसा काळुराम उठून उभा राहिला आणि त्यांना खुर्ची दिली.

“काळुराम,” सिपोराबाई बसत म्हणाल्या, “तुमची ऱ्हस्व वेलांटी अजून आधीच पडते.”

“टाइपरायटरवर आधीच पडते, बाई.”

“टाइपरायटरवर, हो.”

काळुरामने मशीनमध्ये कोरा कागद चढवला, नीट केला आणि पुन्हा काढून ठेवला. मग म्हणाला, “बाकीच्या सुधारल्या मी. या राहिल्या वाटतं.”

त्याने काहीही लपवलं नाही. मोर्च्याच्या दिवशी कचेरीसमोरच त्याचं टेबल होतं. गर्दी पळाली आणि रंभा पायाखाली गेली ते त्याने इथून पाहिलं होतं, आणि मधल्या माणसांतून त्याला तिच्यापर्यंत पोचता आलं नव्हतं. त्यानंतर कधीही बांधाचं नाव निघालं की त्याला ती पळणारी गर्दी दिसे. तिने प्रश्न पाठवला तेव्हा तो गप्प राहिला. निलेश ‘काकींना जपा’ म्हणाला तेव्हा मात्र त्याला रात्री झोप लागेना. मंगळवारी दुपारी प्रविण जेवायला घरी गेला, अनिता पोस्टात गेली. समोर फाइल उघडीच होती.

“मला वाटलं, कंपुटरमधलं पान हाय, बघतो कोण? प्रश्न गेला की सभेत तिचं नाव निघनार नाय, ती घरी राहील. संपलं.” त्याने टाइपरायटरकडे पाहिलं. “आयुष्यभर लोकांच्या तक्रारी टाइप केल्यात बाई मी. कोनी वाचत नाय त्या. ही मस्कतला वाचतील असं माझ्या डोक्यातच आलं नाय.”

“आणि गाव रंभाला काय म्हणेल, ते?”

“ते पन नाय आलं.” त्याने काढून ठेवलेला कागद पुन्हा हातात घेतला. “तीन दिवस तिच्यासमोर बसून जेवायची लाज वाटते.”

सिपोराबाईंना रागवायचं होतं. शिक्षकाची ती सवयच होती. पण समोर बसलेल्या माणसाकडे पाहून त्यांना तसं करवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की प्रविण प्रश्न परत लावील, ते काही अवघड नाही. पण त्याने रंभाचं नाव धुऊन निघणार नाही. लोक म्हणतील, पकडली गेली म्हणून परत लावला. ते काम एकच माणूस करू शकतो.

“मी कोणाला सांगणार नाही, प्रविणलासुद्धा नाही. तुम्ही तिला सांगायचं.”

“ती माझ्याशी बोलनार नाय.”

“नाही बोलली तर नाही बोलली. पण खरं काय ते तिला कळलेलं असेल.”

काळुरामने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही. सूर्य मावळायच्या आत रोह्याला पोचायला हवं होतं, म्हणून त्या निघाल्या.

६

शनिवारी सिपोराबाई काही करू शकत नव्हत्या. त्यांचा शब्बाथ, ज्यू धर्मातला विश्रांतीचा दिवस होता. शुक्रवारी संध्याकाळी लावलेला खोबरेलाचा दिवा सकाळपर्यंत विझला. त्या दिवशी त्या प्रवास करत नसत, लिहीत नसत, फोन उचलत नसत. दुपारी फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. नथानियलचा नव्हे, त्याला शनिवारी फोन करायचा नाही हे ठाऊक होतं. पेणचाच असणार. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. आपण फार हलका हात ठेवला का, त्या माणसावर सगळं सोपवून चूक केली का, हे त्यांच्या मनातून जाईना.

रविवारी त्या पेणला उतरल्या तेव्हा प्रविण स्टेशनवर होता. फोन त्याचाच होता. शनिवारी काळुराम बूथवर आला, कॉम्प्युटरसमोर बसला, एक अक्षर न टाइप करता उठून गेला. त्याला काय झालंय, असं प्रविणला विचारायचं होतं. सिपोराबाई मंगल कार्यालयाकडे चालू लागल्या. म्हणजे त्याने रंभाला अजून सांगितलं नसावं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

मंगल कार्यालय भरून गेलं होतं. मंचावर उमेदवार ओळीने बसले होते. निलेश दाराशी उभा होता, अनिता टेबलाशी. चिंचखारच्या बायका एका बाजूला दाटीवाटीने बसल्या होत्या आणि रंभाच्या भोवती तेवढी जागा मोकळी होती. काळुराम सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभा होता.

प्रविणने माइक घेतला. पहिला प्रश्न चिंचखारचा होता, तो पानावरून मागे घेतला गेल्याचं दिसतं, असं तो चाचरत म्हणाला. मागून कोणीतरी हसलं. रंभा उभी राहिली.

“मी मागं घेतला नाय,” ती म्हणाली. “माजा प्रश्न हाय तिथंच हाय.”

सभागृहात गलका झाला. मग लिहिलं कोणी, असं एकाने ओरडून विचारलं. नाव घे, दुसरा म्हणाला. रंभा सरळ समोर मंचाकडे बघत उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही, अगदी एकदाही नाही, आणि त्याच वेळी सिपोराबाईंना कळलं की तिला ठाऊक आहे. काळुरामने शुक्रवारीच तिला सांगितलं होतं. नाव तिच्या ओठांवर होतं आणि ती ते घेणार नव्हती. त्याने स्वतः घ्यावं म्हणून ती थांबली होती.

“मी लिहिलं,” मागून आवाज आला.

लोक वळले. काळुराम भिंतीपासून पुढे आला होता. “मी, काळुराम घरत. तिचा नवरा. तिला ठावं नव्हतं. मला कोनी सांगितलं नाय, कोनी काय दिलं नाय. प्रविणला पन ठावं नव्हतं.”

“का पण?” प्रविणच्या तोंडून निघून गेलं.

“भ्यालो,” काळुराम म्हणाला.

त्या एका शब्दावर कोणालाही हसावंसं वाटलं नाही. बायकांच्या गर्दीतून एक म्हातारी उठली, सरकत सरकत आली आणि रंभाच्या शेजारच्या मोकळ्या जागेत बसली. मग दुसरी आली. रंभाने माइक मागितला नाही, तिला त्याची गरजही नव्हती. तिने आपला प्रश्न पहिल्यापासून विचारला, खांडीचा, भाताचा, आणि शेवटी, तुमच्यातला कोण तिथे येऊन उभा राहील.

साहेबांनी तयार करून आणलेला कागद उघडला आणि पुन्हा मिटला. बांध आपण स्वतः पाहिलेला नाही, असं ते म्हणाले. भाषणात सांगितलं ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून. बाकीच्यांपैकीही कोणी पाहिलेला नव्हता. मग एकामागून एक सगळ्यांना तिथे यायचं कबूल करावं लागलं, कारण अनिता प्रत्येकाचं उत्तर तिथल्या तिथे उतरवून घेत होती आणि ते त्याच संध्याकाळी पानावर जाणार होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

७

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. साहेब पडले. जे निवडून आले त्यांचंही उत्तर पानावर होतं, आणि निवडणूक संपली तरी प्रविणने पान बंद केलं नाही. रंभाचा प्रश्न सगळ्यात वर राहिला. मस्कतहून सखा आणि त्याच्याबरोबरची पोरं दर आठवड्याला खाली एकच ओळ लिहायची: बांधाचं काय झालं? मुंबईची पोरं लिहायची, नथानियलनेही एकदा इस्राएलमधल्या अश्दोदहून लिहिलं. थंडी सरता सरता काम सुरू झालं. त्या वर्षी अर्धा बांध झाला, उरलेला पुढच्या वर्षी. अनिता-निलेशचं लग्न झालं. प्रश्न फोडल्याबद्दल प्रविण बहिणीला मांडवातसुद्धा बोलला, आणि मग रडला. मुलगा कायमचं बोलावत होता तरी सिपोराबाई नातवंडांना भेटून रोह्याला परत आल्या, क्लास उघडायला.

पण सभेच्या त्या संध्याकाळी यातलं काही कोणाला ठाऊक नव्हतं. लोक पांगले तशी रंभा आणि काळुराम एस.टी.ने फाट्यावर उतरली आणि बांधावरून गावाकडे चालू लागली. ती पुढे, तो मागे. शुक्रवारी त्याने सांगितल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. ताट वाढून ठेवत होती, तेवढंच. ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि बगळे त्यात पाय बुडवून उभे होते. काळुराम अंतर राखून चालत होता, जवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती.

खांडीपाशी बांध तुटलेला होता. गाववाल्यांनी तिथे ताडाचं खोड आडवं टाकलं होतं, पावसाने निसरडं झालेलं. रंभा त्याच्या तोंडाशी येऊन थांबली. काळुरामही मागे थांबला. ती वळली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि वाटेच्या कडेला सरकली.

“तू पुढं हो,” ती म्हणाली. “मंग मना हात दे.”

काळुराम पलीकडे गेला, वळून पाय रोवले आणि हात पुढे केला.